हिरड्यांचं हसू आणि मशेरीची ओळ

आधी नाव घेते. नागावच्या सुगंधाताई. आज मी अलिबागच्या त्या दवाखान्यात खुर्ची पुसते, फ्रीजचा आकडा लिहिते, पेशंटला हसवते आणि महिन्याचा पगार घेते, ते सगळं या बाईच्या एका वाक्यामुळे. नागावात त्यांचं घर आहे, नारळी-सुपारीची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. माझं त्यांचं नातं काही नाही, त्या आमच्या पेशंट. तुमच्याबद्दल लिहिते आहे असं फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "लिव की. आडनाव नको घालू, गावात सुगंधा येकच हाय." काय लिहिणार आहे ते मी सांगितलं नाही. धीर झाला नाही.

आता मी कोण ते. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पुसदच्याही पलीकडे. नववीत शाळा सुटली. म्हणजे मी सोडली नाही, पण धरूनही ठेवली नाही. नवऱ्याला इथल्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम लागलं म्हणून अलिबागला आलो, त्याला आता बारा वर्षं होतील. या अंकाचं काम बघणाऱ्या बाई आमच्याकडे चेहऱ्यावरच्या डागांसाठी येतात. त्या म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, माझं ऱ्हस्वदीर्घ कच्चं आहे. त्या म्हणाल्या, ते आम्ही बघू. तेव्हा पुढे जे शुद्ध दिसेल ते त्यांचं, बाकी माझं.

आमच्या मॅडम त्वचेच्या डॉक्टर. नायटा, खरूज, केस गळणं, उन्हानं काळवंडलेले चेहरे हे रोजचं. मी लागले ती झाडू-पोछ्याला. पण गेल्या काही वर्षांत एक वेगळं गिऱ्हाईक यायला लागलं. हसताना ज्यांचा वरचा ओठ फार वर जातो आणि दातांवरची हिरडी रुंद पट्टीसारखी दिसते, असे लोक. यात दुखत काही नाही. आजार तर मुळीच नाही. पण ज्याला आहे त्याला विचारा. मी असे लोक त्यांच्या हातावरून ओळखते. गंमत ऐकली की हात आधी नाकाखाली जातो, मग हसू येतं. बायकांचा पदर जातो, मुलींची ओढणी जाते, पुरुष खोकल्याचं निमित्त करतात.

औषध म्हणजे खरं तर विष आहे. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नात एक जंतू वाढतो, त्याचं विष. बोट्युलिनम त्याचं नाव. लोक त्याला एका कंपनीच्याच नावानं ओळखतात. ते स्नायूला ढिलं करतं. फार गेलं तर माणसाचा श्वास थांबेल, म्हणून आम्ही वापरतो ते इतकं थोडं की बाटलीत बघितलं तर बाटली रिकामीच वाटते. पहिल्यांदा मी ती रिकामी समजून कचऱ्यात टाकायला निघाले होते. मॅडमनी माझं मनगट धरलं ते अजून आठवतं.

मॅडम पेशंटला समजावतात ते असं: "तुमचा ओठ वर ओढणारा एक दोर आहे नाकाच्या दोन्ही बाजूंना. तुमचा जरा जास्त जोरात ओढतो. शिडाचा दोर वितभर सैल सोडतात ना, तसं करायचं." नाकाच्या बाजूला इकडे एक टोचा, तिकडे एक. संपलं. खुर्चीत बसून उठेपर्यंत पाच मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरक दिसायला लागतो, दोन आठवड्यांत पुरता दिसतो आणि तीन-चार महिन्यांत उतरून जातो. उतरतं हे ऐकून निम्मे लोक परत जातात. काहींना सुईचा उपयोगच नसतो, दात आखूड असतात किंवा जबडाच लांब असतो. त्यांना मॅडम तसं सरळ सांगतात आणि दातांच्या डॉक्टरांकडे पाठवतात.

या सगळ्यात माझं काम काय, तर हसवणं. थट्टा नाही. टोचायच्या आधी पेशंटचा पूर्ण हसतानाचा फोटो लागतो. हिरडी किती दिसते ते बारीक पट्टीनं मोजतात, त्यावर औषध किती ते ठरतं. आणि "हसा" म्हटलं की कोणी ते हसू देत नाही. वर्षानुवर्षं ओठ दाबून धरायची सवय झालेली असते. पोफळीएवढं उंच पोर असलं तरी फोटोला ओठ मिटून उभं राहतं.

मी पोछा मारत होते तेव्हाची गोष्ट. कॉलेजातली एक मुलगी खुर्चीत बसून होती, मॅडमनी तिला सात-आठदा हसायला सांगितलं, ती नुसते गाल ताणत होती. माझ्या तोंडून गेलं, "काऊन हासून नाही राह्यली वो बाई?" आमच्याकडे असंच बोलतात. इथं आल्यापासून मी ते गिळून टाकायला शिकले होते, कारण भाजीवालीसुद्धा मला दोनदा बोलायला लावायची. ती मुलगी खुर्चीत अशी खदखदली की मॅडमना हवा तो फोटो मिळाला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातातला पोछा गेला आणि हातमोजे आले. ज्या बोलीची लाज वाटायची तीच नोकरीला लागली, मी तिच्या मागून.

मग हळूहळू बाकीचं शिकले. औषधाची बाटली फ्रीजमध्ये कुठे ठेवायची, त्यात सलाइनचं पाणी घातल्यावर ती हलवायची नाही, नुसती बोटांत फिरवायची, टोचायच्या जागी बर्फ किती वेळ धरायचा. आणि कागद भरणं. कागद म्हणजे प्रश्नांची यादी. पेशंट बोलतो, मी लिहिते. गरोदर आहात का, अंगावर पाजता का, स्नायूंचा काही आजार, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, काम काय करता.

काम काय करता, हा प्रश्न मला सुरुवातीला चोंबडेपणाचा वाटायचा. मग उरणकडचा एक तरुण आला. लग्न ठरत नव्हतं आणि त्याचा दोष तो हिरड्यांना देत होता.

"काम?"

"कंटेनर यार्डात हाय."

"आणखी काही?"

"हलदीला वाजवतो."

"काय वाजवता?"

"ट्रम्पेट."

मॅडमनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. "अहो, ओठ सैल केला तर फुंकणार कशानं?"

हळदीची रात्र आणि बँड नाही, ही त्या भागात होऊच न शकणारी गोष्ट. त्यानं बोटं मोजली आणि विचारलं, "किती म्हयने?"

"तीन धरा."

"मंग चातुर्मासात येतो. देव झोपतात तवा आमचा ओठ पन झोपू दे."

आणि आषाढात खरंच आला. तुळशीच्या लग्नापर्यंत त्याचा ओठ जागा झालेला होता. लग्न अजून ठरलेलं नाही, पण तो आता दोष हिरड्यांना देत नाही, मामाला देतो.

कागदाचा दुसरा धडा याहून कडक होता. माझ्या आधीपासून एक मुलगी मदतीला होती. फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा बघून वहीत लिहायचं, हे तिचं काम. किनाऱ्यावर वादळ झालं आणि आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. वीज आली तेव्हा मॅडमनी वही उघडली, तर त्या सगळ्या दिवसांचे आकडे व्यवस्थित भरलेले. बंद फ्रीजचे. मॅडम ओरडल्या नाहीत. बाटल्या नष्ट करायला बाजूला काढल्या, तिचा हिशेब केला आणि तिला घरी पाठवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चूक झाली तर मला सांग, आपण निस्तरू. कागदावर थाप मारलीस तर मी निस्तरू शकत नाही, कारण मला कळतच नाही काय निस्तरायचं ते." ते वाक्य मी पाठ केलं. पाठ करून काय झालं ते आता सांगते.

कागदावरच्या तंबाखूच्या प्रश्नाखाली मॅडमनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली होती: मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करायची आणि बोटानं हिरड्यांना लावायची, ती मशेरी. इथल्या कितीतरी बायका सकाळी लावतात, दुपारी लावतात, काम संपलं की लावतात, आणि तंबाखू खाता का विचारलं तर छातीला हात लावून नाही म्हणतात. खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं. मॅडमचं म्हणणं असं की टोचल्यावर दोन दिवस ओठ चोळला जाता कामा नये, नाहीतर औषध नको तिथे पसरू शकतं. बाहेरून कोणी चोळत नाही, पण मशेरीवाली बाई ओठाच्या आतून बोट फिरवते, तेही जोर लावून. म्हणून मशेरी वेगळी विचारायची आणि हो म्हटलं तर वेगळी ताकीद द्यायची.

मी ती ओळ विचारायची नाही. कधीच नाही. कारण मी स्वतः लावायचे.

सवय इथंच लागली. आम्ही राहतो त्या चाळीत शेजारणीनं दाढ दुखत होती म्हणून पहिल्यांदा दिली. दाढ काढून झाली, मशेरी राहिली. गावाची आठवण आली की लावायची, नवऱ्याला दुसरी पाळी लागली की लावायची. दवाखान्यात तोंडाला मास्क असतो, वास आतल्या आत राहतो. त्वचेच्या डॉक्टरकडे, पांढरा कोट घातलेल्या मदतनीस बाईनं तो शब्द उच्चारायचा म्हणजे आपलंच तोंड उघडून दाखवल्यासारखं वाटायचं. म्हणून ती ओळ आली की माझं पेन आपोआप "नाही" लिहून पुढे जायचं. काही वर्षं त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं नाही म्हणजे बरोबर आहे, अशी समजूत माणूस फार लवकर करून घेतो.

सुगंधाताई आल्या त्या धाकट्या मुलीला, मयुरीला घेऊन. मयुरीचं लग्न पाच आठवड्यांवर होतं. मला वाटलं पेशंट मुलगी. तर आईच पुढे येऊन खुर्चीत बसली.

"माझ्या लग्नाच्या येका फोटोत मी हसलेली न्हाय," त्या म्हणाल्या. "सासू बोल्लेली, हसलीस तर घोडी दिसशील. मेली ती. पन हात काय खाली येत न्हाय माझा. पोरीच्या लग्नात मना हात खाली ठेवून फोटो पायजे."

"आई, कोण बघतंय तुझ्या हिरड्या?" मयुरी म्हणाली.

"मी बगतंय. तू गप."

हसवायला मात्र कष्ट पडले नाहीत. मी विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे येतात ते दिवसभर काय करून राह्यतात वो?" त्यांनी लगेच एका पाहुण्याची नक्कल सुरू केली. ओहोटीला पाणी लांब गेलेलं बघून तो मालकिणीकडे तक्रार घेऊन आला होता: ताई, समुद्र परत किती वाजता चालू होणार? नक्कल करता करता स्वतःच इतक्या हसल्या की हात वर न्यायचं राहून गेलं. फोटो निघाला. मॅडमनी पट्टी लावली.

कागद भरताना माझ्या हातात मोजे नव्हते, पेन घसरतं म्हणून काढले होते. गरोदर? "या वयात? तुझ्या तोंडात साखर पडो." गोळ्या? नाही. तंबाखू, सिगारेट? "छ्या." पुढची ओळ आली. मी नेहमीसारखं "नाही" लिहिलं आणि कागद उलटा केला.

त्या तोंड धुवायला बाहेर गेल्या. मी आतल्या खोलीत बाटली काढून दिली. मॅडम फोटो मोठा करून बघत होत्या. "हिरड्या जरा काळसर आहेत. आपल्याकडे असतातच म्हणा. मशेरी विचारलीस ना?"

"हो मॅडम. नाही म्हणाल्या."

इतका वेळ माझी ती टाळाटाळ होती. त्या क्षणाला ती थाप झाली. बंद फ्रीजचा आकडा.

टोचून झालं. मी सूचना वाचल्या: चार तास आडवं व्हायचं नाही, चेहरा चोळायचा नाही, दोन दिवस वाफ घ्यायची नाही. दोन दिवस बोट ओठाखाली घालायचं नाही, ही मी वाचली नाही. कशी वाचणार, कागदावर "नाही" होतं.

बाराव्या दिवशी मायलेकी परत आल्या. मयुरी दारातूनच बोलत आली. "हे काय करून ठेवलंय? तीन आठवडे राहिलेत."

सुगंधाताई हसून दाखवायला लागल्या आणि मी हातातला ट्रे टेबलावर ठेवला. डावा ओठ थोडासाच खाली आला होता. उजवा मात्र अर्ध्यावर ओढलेल्या पडद्यासारखा दातांवर पडून राहिला होता. "च्या प्यायली की ह्या बाजूनं गळतो," त्या म्हणाल्या. "नवरा बोल्ला, आता घोडी न्हाय, अर्धी घोडी झालीस."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आधी चेहरा तपासला, मग फाइल उघडली. माझ्या अक्षरातला कागद वर होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. मग कागद बाजूला करून सरळ विचारलं, "सुगंधाताई, मशेरी लावता का तुम्ही?"

त्या वेळी माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला बसले तर मोठं होईल, आलं मात्र एकाच दमात. आमच्या खोलीचं भाडं माझ्या पगारातून जातं. नवऱ्याच्या ठेकेदारानं त्याच महिन्यात माणसं कमी केली होती. नववी नापास बाईला हातमोजे आणि पांढरा कोट देणारी जागा मला या किनाऱ्यावर दुसरी मिळणार नव्हती, आणि गावाकडे परत जावं तर तिथं सगळ्यांना मी "डाक्टरनीजवळची" म्हणून सांगितलेलं. खरं बोलायला एवढा अवकाश पुरेसा होता. मी तो जाऊ दिला.

सुगंधाताईंनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. मग मॅडमना म्हणाल्या, "लावतंय. त्या दिवशी पन लावली, चार-पाच टायम. हिनं इचारलेलं मना. मीच न्हाय बोल्ली. पोरीसमोर लाज वाटली."

मयुरी कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, अख्ख्या गावाला ठाऊक आहे तू लावतेस."

"गावाला ठाव हाय, डाक्टरला न्हवतं ना."

मॅडमनी श्वास सोडला. "नक्की त्यानंच झालं असं मी छातीठोक सांगत नाही. दोन बाजू मुळातच सारख्या नसतात. पण पुढच्या वेळी लपवू नका." मग त्यांनी फाइलमध्ये एक ओळ लिहिली, इंग्रजीत, आणि तिच्याखाली लाल रेघ ओढली. माझं इंग्रजी जेमतेम. फाइल जागेवर लावताना अक्षर अक्षर जुळवून मी ती वाचली. रुग्णाने माहिती लपवली.

औषध काढून घेता येत नाही. जे सैल झालं ते सैल. उपाय एकच, दुसरी बाजूही आणखी थोडी सैल करायची. पण दोन आठवडे पुरे होईपर्यंत मॅडम परत सुई लावत नाहीत. सोळाव्या दिवशी डावीकडे अगदी थोडं औषध दिलं. या वेळी सूचना मी शेवटपर्यंत वाचल्या.

त्या मधल्या दिवसांत, रविवारी, मी नागावला गेले. सकाळची वेळ. वाडीतल्या खाटांवर पाहुणे फोन बघत बसले होते. सुगंधाताई मागच्या पडवीत पाटीभर सुपारी निवडत होत्या. मी जाऊन उभी राहिले. माफी मागायची वाक्यं रिक्षात जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही.

"का केलंत तसं?" एवढंच निघालं.

"बस आदी." त्यांनी पाट सरकवला. मग माझा उजवा हात धरून अंगठ्याशेजारचं बोट वर केलं. नखाच्या कडेला काळी रेघ होती. साबणानं जात नाही ती. "तू लिवत होतीस तवाच बगितलं मी. बोल्ली, ही आपल्यातली हाय. म्हनून न्हाय इचारत."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं, लावते म्हणून?"

"तू न्हाय इचारलंस, मना बरंच वाटलं की." त्या हसल्या, वाकड्या तोंडानं. "दोगी सारख्याच चोर. मंग येकटी तू कशाला मरशील?"

मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं आणि सुपाऱ्या माझ्याकडे ढकलल्या. आम्ही दोघी निवडत बसलो. त्यांनी गाव विचारलं. मी सांगितलं, पुसदच्या पलीकडे, रेल्वे नाही, एक बदलून दुसरी गाडी.

"समुद्र किती लांब?"

"समुद्र नाहीच जी तिकडे."

"नदी?"

"आहे. उन्हाळ्यात नसते."

त्यांचे हात थांबले. "मंग सकाली उटून बगता काय?"

मी विचार केला. "शेत. आणि मार्चात पळस फुलला की तो."

"येकदा ने मना. जल्मली तशी समुद्र बगतंय. न्हाय तिकडं कसं असतं ते बगायचं हाय." एवढं बोलून त्या पाहुण्यांच्या चहाला उठल्या.

लग्न झालं. मॅडम आणि मी दोघी गेलो होतो. सुगंधाताईंच्या ओठाच्या दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या झाल्या होत्या, उजवी कणभर खालीच होती, ती मला दिसायची कारण मला ठाऊक होतं. त्यांना शिट्टी वाजवता येत नव्हती आणि भटजींना दक्षिणा देताना काही बोलायला गेल्या तर प आणि फ ढिले पडत होते. पण फोटोवाल्यानं सगळ्यांना उभं केलं तेव्हा मी त्यांच्या हातांकडेच बघत होते. दोन्ही हात खाली होते. तो फोटो त्यांच्या ओटीवर लावला आहे.

मशेरी मी सोडली. एका दिवसात नाही, वर्ष गेलं. आता कागद भरताना ती ओळ आली की मी मास्क खाली करते आणि म्हणते, "मी लावायचे. तुम्ही लावता का?" अजून मला एकही बाई खोटं बोललेली आठवत नाही. एकीनं तर कमरेची डबीच काढून टेबलावर ठेवली. मॅडम म्हणतात, तुझी विचारायची पद्धत चांगली आहे. कुठून आली ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सुगंधाताई तेव्हापासून दर वर्षी एकदा येतात. मशेरी त्यांची सुटलेली नाही, पण टोचल्यावर दोन दिवस बोट बांधून ठेवतात, खरोखर चिंधी बांधतात. आणि दर वर्षी मॅडम फाइल उघडतात, लाल रेघ दिसते, आणि मॅडम गमतीनं म्हणतात, "काय सुगंधाताई, या वेळी तरी खरं सांगणार ना?"

"सांगतंय वो," सुगंधाताई म्हणतात, आणि माझ्याकडे न बघता खुर्चीत मान मागे टेकतात.

मॅडमची ती गंमत आहे. पण त्या गमतीच्या वेळी मी बर्फ आणायला आत जाते, बर्फ हातात असला तरी. औषध चार महिन्यांनी उतरतं. ती ओळ गेली कित्येक वर्षं तशीच आहे, जी बाई खोटं बोलली नव्हती तिच्या नावावर.

म्हणून हे लिहिलं. अंक छापून आला की पहिली प्रत मी मॅडमच्या टेबलावर ठेवणार आहे, हे पान उघडून, आणि शेजारी सुगंधाताईंची फाइल. ती ओळ त्यांनी खोडावी आणि माझ्या नावानं दुसरी कुठे लिहायची तर लिहावी. त्यांनी मला सांगितलं होतं, चूक सांगितलीस तर निस्तरू. फार उशिरा सांगते आहे, तेव्हा तो नियम अजून चालू आहे की नाही, मला माहीत नाही.

सुगंधाताई, तुम्ही हे वाचाल, नाहीतर मयुरी वाचून दाखवील. मार्चात पळस फुलतो. नोकरी राहिली तर मी मॅडमकडे आठ दिवसांची सुट्टी मागेन. नाही राहिली तर सुट्टी मागायची गरजच नाही. काहीही होवो, दोन तिकिटं मी काढणार. पुसदपर्यंत मोठी गाडी, तिथून लहान. सकाळी तुम्हाला आमच्या ओट्यावर बसवीन, तोंड शेताकडे करून. समुद्र कुठेच दिसणार नाही, याची जबाबदारी माझी.